पुजलेला कागद

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की मी दारात येते आणि मावळतीकडं दोनदा अक्षता टाकते. गेल्या खेपेला तुमच्यातल्या धाकटीच्या हे लक्षात आलं आणि तिनं विचारलं, "आजी, दोनदा का?"

पहिल्या अक्षता तुमच्या. मूल जवळ असलं तर त्याला ओवाळून त्याच्या डोक्यावर टाकायच्या, दूर असलं तर ते ज्या दिशेला असेल त्या दिशेला. दुसऱ्या अक्षतांचं तेव्हा सांगायचं राहिलं. विमानाची वेळ झाली होती आणि ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं. आता सवडीनं, पहिल्यापासून सांगते.

मी लहान असताना आम्ही जिंतूरला राहत होतो. राज्य निजामाचं. माझे वडील तिथं वकील होते. कोर्टाचं काम उर्दूत चाले, घरात मराठी, आणि संध्याकाळी ते मला इंग्रजी शिकवत. महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराला त्यांनी एका माणसाला घरी जेवायला आणलं. उंच, वाकलेला, बोटांच्या पेरांत रंग बसलेला. हे चित्रकार होते, मुंबईत शिकलेले, कोकणातल्या एका बंदराच्या गावचे. तिकडं, इंग्रजी मुलखात, त्यांनी एका भिंतीवर मोठं चित्र काढलं होतं. त्यात एका गोऱ्या अंमलदाराचं तोंड सहज ओळखू येत होतं, आणि तेवढ्यावरून वॉरंट निघालं. हद्द ओलांडून ते आमच्याकडं आले आणि नाव बदलून राहिले. घरी पत्र टाकायची सोय नव्हती, कारण घरावर आणि टपालावर पोलिसांची नजर. घरी बायको होती आणि एक मुलगी. ते निघाले तेव्हा ती नुकती पाऊल टाकायला लागली होती.

गाव त्यांना चितारी म्हणे. मी काका म्हणत असे. वडिलांच्या एका पक्षकाराच्या जिनिंगमध्ये सरकीचं रिकामं गोदाम होतं, तिथं ते राहायचे. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, लग्नाच्या घरी भिंतीवर हत्ती काढायचे, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची. रंगाच्या नळ्या मुंबईहून यायच्या त्या युद्धात बंद झाल्या. मग जवसाचं तेल, गेरू, काजळ, कपड्याची नीळ, चुना, डिंक, जे हाताला लागेल त्यावर ते भागवायला लागले. कॅनव्हास म्हणून मांजरपाट.

त्यांची चित्रं गावाला कळायची नाहीत. माणसं लांबोडकी, डोळे भलतीकडं गेलेले, तोंड म्हणजे नुसती चिरलेली रेघ. कुंचल्यापेक्षा बोटांनी आणि तळहातानं काम जास्त. एकदा पारावरच्या मारुतीला शेंदूर द्यायचं, डोळे काढायचं काम त्यांना मिळालं. दुसऱ्या दिवशी पुजारी आमच्या ओसरीवर येऊन उभा.

"वकीलसाहेब, तुमच्या चितारीनं काय करून ठिवलंय बघा की. आमचा मारुती रडायलाय!"

वडील जाऊन बघून आले. जेवताना एवढंच म्हणाले, "रडतोय खरा."

गोदामाच्या मागच्या भिंतीला त्यांनी समुद्र काढला होता. मी समुद्र पाहिलेला नव्हता. गावात कोणीच पाहिलेला नव्हता. जिनिंगात कापूस घेऊन आलेला एक शेतकरी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "चितारीबुवा, कोण्या शिवारातली ही? लय चांगली नांगरलीय."

मी हसले. काका हसले नाहीत. ते चित्राजवळ गेले, मग लांब गेले, मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. ही काळी जमीनच आहे. मला पाणी आठवेनासं झालंय." त्यांनी ते चित्र भिंतीकडं तोंड करून फिरवलं, आणि मग पुन्हा ते कधी सरळ झालं नाही.

समुद्राचं एक वेळ चाललं असतं. मुलीचं चालणारं नव्हतं. तिचा फोटो नव्हता. आले त्या वर्षी ते तिचा चेहरा एका दमात काढून दाखवत. पुढच्या वर्षी नुसती एक बाजू यायला लागली. मग तुकडे. गोदामात ओळीनं कापडं टांगलेली असायची, एकावर कान, एकावर कपाळ, एकावर मुठीत धरलेलं बोट. मी गेले की म्हणायचे, "जरा उजेडाला बस बरं. हनुवटी खाली कर." गावातल्या पोरांची नाकं-डोळी उसनी घेऊन ते तिला जुळवत होते आणि ती जुळत नव्हती. एकदा मला म्हणाले, "परवापर्यंत हनुवटी होती माझ्याकडं. आज उठलो तर नाही." कोणाची वस्तू हरवावी तसं बोलले, आणि घागरीमागं, कापडांखाली खरोखर शोधल्यासारखं बघायला लागले. मी घाबरून घरी आले.

तुम्हाला जिवती सांगायला हवी. श्रावणात मुलांच्या रक्षणासाठी भिंतीवर देवीचा कागद लावतात. तिच्या मांडीवर, आजूबाजूला, पाळण्यात मुलं असतात. महिनाभर पूजा करायची आणि श्रावण संपताना, पोळ्याच्या दिवशी, तो कागद पाण्यात सोडायचा. याला आमच्याकडं बोळवणं म्हणतात. हे छापील कागद पुण्याहून यायचे. काकांना येऊन तीन-चार वर्षं झाली होती, त्या वर्षी युद्धामुळं आलेच नाहीत. आईनं काकांना विचारलं.

"भावजी, तुमी काढता का जिवती?"

"माझी जिवती बघून पोरं दचकतील, वहिनी."

"मारुतीला रडवलंत तसं हिला रडवू नका म्हंजे झालं."

वडिलांनी कोर्टातला जाड कागद दिला. काका ओसरीवर बसले. समोर काजळ, कुंकू, हळद आणि निळीची वाटी. आईच्या पोळ्या होईपर्यंत चित्र झालंसुद्धा. देवी सावळी, डोळे जरा जास्तच मोठे, पण चांगली वाटत होती. मांडीवर एक मूल, मान वळवलेली, मूठ तोंडात. काका हात धुवायला उठले. परत आले, कागदाकडं पाहिलं आणि उभ्याचे खाली बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "ही आली."

"कोण आलं?"

"माझी मुलगी."

आई पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. तिनं कागद पाहिला, मग काकांकडं पाहिलं. इतकी वर्षं कापडामागून कापड खराब केलं तेव्हा न आलेली मुलगी, दुसऱ्याच्या पूजेसाठी, मन भलतीकडं असताना येऊन बसली होती. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंड हसत होतं. म्हणाले, "श्रावण झाला की हा कागद मला द्या. आमच्या घरी जिवती काचेच्या चौकटीत असते, बारा महिने. मी चौकट करवून घेतो."

आई म्हणाली, "बघू."

ती नाही म्हणू शकली नाही, इतके ते खूश होते. पण मला आईचं तोंड ओळखता येत होतं. माझ्यानंतर आणि भावाच्या आधी आईची दोन मुलं गेली होती. त्यातलं एक ज्या वर्षी गेलं त्या श्रावणात आई बाळंतपणाला माहेरी होती आणि इकडं जिवतीचा कागद कोणी बोळवला नाही, भिंतीवरच राहिला. तो राहिला म्हणून मूल गेलं, हे आईच्या मनात पक्कं होतं. वडिलांशी तिचं बोलणं मी ऐकलं.

"अगं, कागद आहे तो. दे त्याला."

"तुमच्या लेखी कागद. पुजलेला हाय तो. आन् त्याच्यावर त्या पोरीचं तोंड हाय. बाप इथं, माय तिथं, त्या लेकराला कोण हाय? उद्या तिला काही झालं म्हंजे?"

वादात वकील हरायचा तो फक्त घरी.

महिनाभर काका रोज यायचे आणि जिवतीसमोर पाटावर बसून नक्कल करायचे. रेघ न् रेघ तीच उतरे, आणि मुलगी उतरत नसे. पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. "मूळ तर मिळणारच आहे," म्हणायचे. मी त्यांना एवढं स्वस्थ आधीही पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच. आई त्यांना चहा द्यायची आणि त्यांच्याकडं न बघता आत जायची.

पोळ्याच्या दिवशी एका जमीनदारानं काकांना बैल रंगवायला गावाबाहेर बोलावलं होतं. दुपारी आईनं जिवतीला हळदकुंकू वाहिलं, दहीभात दाखवला, कागद अलगद काढला आणि ताटात ठेवला. मला बरोबर घेतलं. आम्ही बारवेवर गेलो. बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर. खालच्या पायरीवर बसून आईनं कागद पाण्यावर ठेवला आणि म्हणाली, "जा माय. तुझ्या आईपाशी जा. सुखी ऱ्हा."

कुंकू आधी सुटलं. मग हळद. काजळ मात्र धरून राहिलं, त्यामुळं रंग गेल्यावरही ते तोंड थोडा वेळ पाण्यावर दिसत होतं, मूठ तोंडात असलेलं. मग कागद जड झाला आणि एका बाजूनं खाली गेला.

दिवस मावळायच्या आत काका आले. कोपरापर्यंत रंग, हातात पळसाच्या पानात बांधलेल्या पुरणपोळ्या. दारातूनच माझ्या भावाला म्हणाले, "अरे, एका बैलानं माझा सदरा चाटला, बघ—" आणि त्यांची नजर भिंतीकडं गेली.

"वहिनी, कागद?"

"बोळवला."

"कुठं?"

"बारवंत. भावजी, पुजलेला ठिवत न्हाईत. तिच्यावर काही आलं असतं. तुमी परमुलखात, तिच्यापाशी कुणी न्हाई. तिच्यासाठीच केलं मी. माझं लेकरू असतं तरी हेच केलं असतं."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले असते तर आईला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, पोळ्या जोत्यावर ठेवल्या आणि निघाले. वडील चपला न घालता त्यांच्या मागं धावले. मीही गेले. काका बारवेत छातीपर्यंत पाण्यात उभे होते आणि वाकून वाकून तळ चाचपत होते. त्यांच्या हातांवरचा बैलांचा रंग सुटून पाणी लाल-हिरवं झालं होतं. वडील पायरीवरून हाका मारत होते. काका म्हणत होते, "इथंच असेल. इथं कुठंतरीच असेल." शेवटी वडील कपड्यांसकट आत उतरले आणि त्यांना धरून बाहेर आणलं.

त्यानंतर काकांनी माणसाचा चेहरा काढला नाही. पाट्या रंगवायचे, हत्ती काढायचे. गोदामातली कापडं त्यांनी उतरवली. पुढच्या श्रावणापासून आई शुक्रवारी आम्हाला ओवाळून झालं की दारात यायची आणि मावळतीकडं, कोकणाकडं, त्या मुलीसाठी अक्षता टाकायची. माझ्या दुसऱ्या अक्षता त्याच. ते पाहून काका मान खाली घालत. जिवतीचा छापील कागद मात्र आईनं परभणीहून कसाबसा मिळवला, त्यांना पुन्हा सांगितलं नाही.

युद्ध संपलं. पुढं तिकडं वॉरंटं मागं घेतली गेली, तशी त्यांचीही अडचण सुटली. वडिलांनीच ती बातमी आणली. निघायच्या दिवशी आईनं मुलीसाठी परकराचं कापड दिलं.

"सात-आठची झाली असंल आता," ती म्हणाली.

काका दचकले. वर्षांचा हिशोब त्यांना येत नव्हता असं नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढची मुलगी मूठ तोंडात घालून मांडीवरच बसलेली होती, हे त्या क्षणी माझ्याही लक्षात आलं. ते कापड त्यांनी उलगडून हातभर लांब धरलं आणि नुसते बघत राहिले. मग मोटारीनं परभणीला गेले, तिथून रेल्वेनं पुढं.

आम्हाला वाटलं, सुटले. काही महिन्यांनी, इकडची माणसं निजामाच्या मुलखातून बाहेर जायचं बघत होती तेव्हा, ते परत आले. तीच पिशवी, जास्त वाकलेले. ओसरीवर बसून त्यांनी आईला सांगितलं, आणि मी दाराआड उभी राहून ऐकलं.

"बंदरावरून वर आलो, वहिनी. वाटेत एक मुलगी पातेरा, वाळकी पानं, गोळा करत होती. घरांची ओळखच लागेना, म्हणून मी तिला विचारलं, अमक्यांचं घर कुठलं. तिनं बोट करून दाखवलं. मी पुढं गेलो. बायकोनं दार उघडलं. एवढ्यात तीच मुलगी पातेऱ्याची पाटी घेऊन माझ्या बाजूनं घरात शिरली."

आईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"मी तिलाच विचारलं हो, घर कुठं आहे ते."

"इतक्या वर्सांनी कुणीबी चुकंल, भावजी."

"मी चुकायला नको होतं. मला दुसरं काही येत नाही. मला फक्त तोंडं बघता येतात." मग म्हणाले, "ती मला 'अहो' म्हणते. मी खोलीत गेलो की बाहेर जाते. चित्रासाठी बस म्हटलं तर बसली, परीक्षेला बसतात तशी. आणि मी डोळे मिटून दुसरीचंच तोंड आठवायला लागलो. समोर ती बसलेली असताना. बायकोनं ते पाहिलं."

आई आता मात्र रागावली. "पोर जिती हाय तिथं, आन् तुमी हितं काय करायलाव? कुणासाठी आलाव परत?"

"माझी होती ती इथं आहे," काका म्हणाले. त्यांनी बारवेच्या दिशेनं बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

त्या वर्षभरात ते कामाला असोत नसोत, दुपारचे बारवेच्या पायरीवर असत. पाणी भरणाऱ्या बायका आधी हसायच्या, मग वळसा घालून जायला लागल्या.

अठ्ठेचाळीसचा श्रावण आला. वडिलांनी कोर्टात जाणं सोडलं होतं. रझाकारांच्या भीतीनं रोज एखाद्या घराला कुलूप लागत होतं, लोक वऱ्हाडाकडं निघून जात होते. छापील कागद मिळायचा प्रश्नच नव्हता. काका आपणहून आले आणि म्हणाले, "वहिनी, कागद द्या." आईनं दिला.

या खेपेला त्यांना दोन दिवस लागले. देवी पूर्वीसारखीच होती. पण मांडीवर तान्हं मूल नव्हतं. चांगली दहा वर्षांची मुलगी होती, परकरातली, पाय जमिनीपर्यंत लोंबत, देवीला पेलवत नसलेली. तिनं तोंड पलीकडं वळवलं होतं, नुसता गाल आणि वेणी दिसत होती. आणि एक हात लांब करून ती बोट दाखवत होती.

शेजारची काकू हळदकुंकवाला आली आणि तिनं तोंडावर हात घेतला. "आगं बया! एवढी घोडी मांडीवर? लगीन करून टाक म्हणावं जिवतीला तिचं!"

"हळदकुंकू वाहा आन् गप ऱ्हा," आई म्हणाली. आई तिच्या जन्मात शेजारणीला असं कधी बोलली नव्हती. कणकेच्या खळीनं आईनंच तो कागद भिंतीला लावला होता, चारी कोपरे दाबून.

श्रावण अर्धा झाला आणि आमच्यावरही निघायची वेळ आली. पहाटे बैलगाडी दारात उभी राहिली. आई मात्र भिंतीसमोरून हलेना. महिना भरल्याशिवाय जिवती काढता येत नाही, आणि भिंतीवर सोडून जाणं तर तिच्या हातून होणारच नव्हतं. काका आम्हाला पोचवायला आले होते. म्हणाले, "मी थांबतो. पोळ्याला मी बोळवतो."

वडिलांनी त्यांचा दंड धरला. "वेडेपणा करू नका. गाडीत बसा. तुमच्या गावी जा, मुलीकडं जा."

"जाईन," काका म्हणाले. "हे झालं की जाईन."

आईनं किल्ली त्यांच्या हातात दिली. "हळदकुंकू वाहायचं. दहीभात दाखवायचा. मग पाण्यात. आन् भावजी, ठिवून घेऊ नका हो. तुमच्या पाया पडते."

"मला ठाऊक आहे, वहिनी."

गाडी वळेपर्यंत ते दारात उभे होते.

राज्य बदलल्यावर आम्ही परत आलो. दाराला कुलूप होतं, किल्ली तुळशीच्या कोनाड्यात, तिच्या नेहमीच्या जागी. घरातली भांडी गेली होती, पण आईनं आधी भिंतच गाठली. कागद नव्हता. त्याच्या जागी स्वच्छ चौकोन होता आणि खाली हळदकुंकवाची बोटं, पुरुषाच्या हाताची, जाड. गोदामात चित्रं भिंतीकडं तोंड करून तशीच होती. पिशवी नव्हती. एक जण म्हणाला, ते परभणीच्या रस्त्यानं चालत जाताना दिसले. दुसरा म्हणाला, तो कोणी दुसरा असेल. त्या दिवसांत कोणाबद्दल जास्त विचारलं की लोक बोलणंच बदलायचे. वडिलांनी कोकणात पत्र टाकलं, त्यांना माहीत होता तेवढ्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही.

आई बारवेवर जाऊन आली आणि म्हणाली, "बोळवली त्यांनी."

मी तो चौकोन नीट पाहिला होता. आईनं लावलेली खळ चारी कोपऱ्यांना जाड होती. कागद ओढला असता तर तिथं त्याचे कपचे राहिले असते. तसं काही नव्हतं. कोणीतरी प्रत्येक कोपरा पाण्यानं भिजवून, मऊ करून, वेळ घेऊन तो सोडवला होता. बुडवायच्या कागदाला एवढं कोणी जपतं का, की पुजलेला म्हणूनच जपला, हे मला आजही ठरवता येत नाही. आईला मी त्यातलं काही बोलले नाही.

पुढच्या श्रावणात पहिल्या शुक्रवारी आईनं आम्हाला ओवाळलं, दारात आली आणि मुलीसाठी मावळतीकडं अक्षता टाकल्या. मग तिनं ताटातून आणखी एक चिमूट घेतली. ती काकांची, हे न सांगता मला कळलं. हात वर करून ती उभी राहिली. मावळतीकडं वळली, मग परभणीच्या रस्त्याकडं, मग बारवेकडं. कोणत्या दिशेला टाकायच्या ते तिला ठरवता येईना. शेवटी हात खाली आला, आणि ते तांदूळ तिनं ताटात परत ठेवले.